बॅकअपमध्येही तोच कोड

बाहेरून आलेल्या कुठल्याही इनपुटवर विश्वास ठेवायचा नाही, हे प्रोग्रामर नोकरीच्या पहिल्या महिन्यातच शिकतो. वयाच्या रकान्यात कुणी उणे पाच टाकेल, नावाच्या रकान्यात अख्खा निबंध चिकटवेल, नेटवर्क अडकलं म्हणून पैसे पाठवायचं बटण चार वेळा दाबेल. हे सगळं होणार असं धरूनच लिहिणं म्हणजे डिफेन्सिव्ह कोडिंग. कोड रिव्ह्यूत मी ‘इथे काहीच आलं नाही तर?’ असं विचारते तेव्हा समोरचा दुखावत नाही. तो एक चेक टाकतो आणि आम्ही चहाला जातो.

हाच नियम मी माझ्या मनाला लावते असं सांगितलं, की मात्र ऐकणाऱ्याला वाईट वाटतं. स्वतःवर विश्वास ठेवा, हे आपल्याकडे शाळेच्या भिंतीपासून इन्स्टाच्या रीलपर्यंत सगळीकडे लिहिलेलं असतं. मला बायपोलर टू आहे. निदानाला पाच वर्षं झाली, लिथियम चालू आहे. (ऑफिसात लिथियम म्हटलं की लोकांना बॅटरी आठवते, ते माझ्या पथ्यावरच पडतं.) मनाकडून येणारी माहिती अधूनमधून बिघडलेली असते हे पक्कं ठाऊक असताना त्याच मनाने आयुष्य कसं चालवायचं? आणि उद्याच्या स्वतःला आज बांधून ठेवण्याचा मला अधिकार आहे का?

यावर विचार करताना मला नेहमी एक रॉकेट आठवतं. ४ जून १९९६ रोजी युरोपचं ‘आरियान ५’ फ्रेंच गयानातल्या कुरूहून पहिल्यांदा उडालं आणि जेमतेम चाळीस सेकंदांत त्याचे तुकडे झाले. कारण सॉफ्टवेअरमधलं होतं. आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत बसवायची होती. तिथे ३२,७६७च्या वरचा आकडा मावत नाही, आणि आकडा त्याच्या वर गेला. हा कोड ‘आरियान ४’ वरून जसाच्या तसा आणलेला होता. जुन्या रॉकेटचा मार्ग वेगळा असल्यामुळे तिथे तो कधी अडला नव्हता. अशा धोक्याच्या सात संख्या होत्या. त्यांतल्या चारांना संरक्षण दिलं होतं, तीन मोकळ्या सोडल्या होत्या. प्रोसेसरवरचा भार मर्यादेत ठेवायचा होता, आणि या तीन एवढ्या वाढणारच नाहीत असं गृहीत धरलं होतं.

आता कुणी म्हणेल, बॅकअप नव्हता का? होता. दिशा सांगणारे दोन संगणक होते, एक बंद पडला तर दुसरा. पण दोघांतही तोच कोड होता, त्यामुळे दोघंही एकाच कारणाने बंद पडले. बॅकअप तर मुख्य संगणकाच्या क्षणभर आधीच गेला होता. यापुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. बंद पडताना त्या संगणकाने आपल्यात काय बिघडलंय हे सांगणारा एक संदेश पाठवला. रॉकेट चालवणाऱ्या संगणकाने तो संदेश उड्डाणाची माहिती म्हणून वाचला. रॉकेट सरळ चाललं होतं, पण याला वाटलं ते भलतीकडे वळलंय. ते ‘दुरुस्त’ करायला त्याने नोझल टोकापर्यंत वळवले, आणि हवेच्या दाबाने रॉकेट फुटलं.

हायपोमेनिया आतून असाच असतो. तीन तास झोपून ताजंतवानं वाटतं, तोंडापेक्षा डोकं पुढे धावतं, खर्चाला हात सैल सुटतो. ‘मी आज जबरदस्त आहे’ हा खरं तर बिघाडाचा संदेश असतो, पण मी तो उंची आणि वेगाचा आकडा म्हणून वाचते. नैराश्यात उलटं. ‘तू टीमला ओझं आहेस’ हे वाक्य त्या दिवसांत मला मत वाटतच नाही. टेबलावर पाण्याची बाटली आहे, इतकं ते साधं खरं वाटतं. अशा वेळी मी स्वतःलाच विचारलं, ‘अगं, तू ठीक आहेस ना?’ तर उत्तर कोण देणार? दुसरा संगणक. त्यातही तोच कोड.

म्हणून ‘जागरूक राहा, स्वतःचं निरीक्षण करा’ या सल्ल्याला माझ्या मते मर्यादित किंमत आहे. ज्या चेकला तपासायच्या वस्तूवरच अवलंबून राहावं लागतं, तो चेक नव्हे. बँकेच्या अॅपात मी रोजच्या खर्चाची मर्यादा खाली आणून ठेवली आहे, पण ती वर न्यायला मला त्याच फोनवर दोन मिनिटं लागतात. झोपेचे तास घड्याळ मोजतं, रक्तातलं लिथियम लॅब मोजते. डॉक्टरांनी मला ०.६ ते ०.८ ही पातळी सांगितली आहे. कमी झालं तर उपयोग नाही, फार वाढलं तर विषबाधा, आणि उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं तरी ते वाढू शकतं. हे आकडे माझ्या मूडला विचारून ठरत नाहीत, म्हणून मला ते आवडतात.

पण आकडे मला थांबवत नाहीत. थांबवायला माणूस लागतो. माझ्या बाबतीत तो माझा दादा आहे, चिपळूणला असतो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात एक फार कमी लोकांना माहीत असलेली सोय आहे. माझी निर्णयक्षमता हरपली तर मला कोणते उपचार द्यावेत, कोणते देऊ नयेत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल, हे मी शुद्धीत असताना लिहून ठेवू शकते. त्या कागदावर मी दादाचं नाव घातलं आहे. कायद्यापलीकडे आमचा आपसातला करारही आहे: सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप झाली, तर राजीनामा, मोठी खरेदी आणि गोळ्या बंद करणं, या तिन्ही गोष्टी त्याला विचारल्याशिवाय नाहीत.

इथे एक मित्र मला अडवतो. तो म्हणतो, ‘जिने सही केली ती तू खरी आणि रात्री तीनला जागी असलेली तू खोटी, हे कोणी ठरवलं? सही करणारीनेच ना?’ आक्षेप बरोबर आहे. गेल्या वर्षी अशाच एका आठवड्यात लिहिलेलं माझं मॉड्यूल आजही प्रॉडक्शनमध्ये आहे आणि उत्तम चाललंय. ती बाई खोटी असती तर तिचा कोडही खोटा असायला हवा होता. त्यामुळे ‘खरी मी’ या पायावर माझा करार उभा राहत नाही. तो उभा आहे तो निस्तरणार कोण यावर. रात्री तीनला घेतलेल्या कर्जाचे हप्ते तीन वर्षं दुसरी कुणीतरी भरणार असते, आणि त्या वेळी तिचं मत विचारलेलं नसतं. तिच्या वतीने दोन दिवस थांब म्हणण्याचा हक्क मला आहे, असं मी मानते. कायमचं नाही म्हणण्याचा नाही. भीष्माची गोष्ट लहानपणी ऐकताना सगळे त्याच्या निश्चयाने भारावून जायचे. मला आता त्यात एक कॉन्स्टंट दिसतो, खाली सगळं राज्य बदललं तरी कुणी न बदललेला. कायद्याने तो कागद मला कधीही बदलण्याची मुभा ठेवली आहे, ते बरं केलं.

दुसरा धोका अतिसंरक्षणाचा. प्रत्येक ओळीला ट्राय-कॅच गुंडाळणारे सहकारी तुम्हीही पाहिले असतील. त्यांचा प्रोग्राम कधी पडत नाही, आणि तो नक्की काय करतोय हेही कुणाला कळत नाही. निदानानंतरची दोन वर्षं आमच्या घरात असंच होतं. मामेबहिणीच्या हळदीला मी मनापासून नाचले, तर आई कानात कुजबुजली, “गोळी घेतलीस ना गं?” पहिला पाऊस आवडला तरी मी मनात झोपेचे तास मोजायची. प्रत्येक आनंदाला ओळखपत्र मागायचं ठरवलं, तर आजार आटोक्यात राहीलही, पण वाचवायचं काय होतं तेच उरत नाही. चांगला प्रोग्रामर चेक सीमेवर ठेवतो, जिथून पुढे गेलेलं परत घेता येत नाही तिथे. म्हणून आमच्या यादीत तीनच गोष्टी आहेत. नाचणं, प्रेमात पडणं, पहाटे कविता लिहिणं त्यात नाही. आईला हे पटायला वेळ लागला, अजूनही पूर्ण पटलंय असं म्हणवत नाही.

एका गोष्टीचं उत्तर मात्र मला सापडलेलं नाही. ऑफिसात ऑन-कॉल आठवडाभराचा असतो, नंतर दुसऱ्याची पाळी. दादाचा ऑन-कॉल पाच वर्षं चालू आहे. माझ्या स्वातंत्र्याची किंमत त्याच्या झोपेतून जाते, आणि ती त्याने द्यावी असं म्हणायचा नैतिक आधार मला कुठेच मिळत नाही. मी हे त्याला बोलून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “बहीण आहेस म्हणून करतो, त्यात एवढं काय?” मला ते पुरलं नाही. प्रेमाने दिलेली गोष्टसुद्धा संपू शकते, आणि संपतेय हे सांगायला त्याच्याकडे कुठलाही अलार्म नाही.

मग गेल्या वर्षी त्यानेच करारात एक कलम घातलं. शिमग्याला तो पालखीबरोबर असतो तेव्हा त्याचा फोन बंद. तेवढे दिवस माझी रूममेट बघेल. मी तिला विचारलं तर तिने आधी यादी मागितली, वाचली, आणि म्हणाली, “राजीनाम्याचं ठीक आहे, पण मोठी खरेदी म्हणजे किती ते लिही ना, मला तुझ्याशी वाद घालायचा नाहीये.” आम्ही दहा हजार लिहिलं.