दोषी ठरविण्यापूर्वी



मनुष्याचे म्हणणे ऐकल्यावाचून त्यास अपराधी ठरविणे योग्य आहे काय, अशा आशयाचा प्रश्न निकदेमाने आपल्या सोबतच्या अधिकाऱ्यांस केला होता. योहानकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात ही हकीकत आली आहे. हा प्रश्न केवळ न्यायसभेचा आहे असे आपण समजू नये. आपल्या बीड जिल्ह्यात तो रस्त्याच्या कडेसही उभा राहतो.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबे घरास कुलूप लावून निघतात. धान्य, भांडी व लेकरे यांसह ती एखाद्या जुन्या डिझेल पिकअपमध्ये बसतात. गाडी सपाटीवर नीट चालते. परंतु धारूरच्या घाटात मिसिंग मारू लागते. थोडा वेळ उभी केली म्हणजे पुन्हा सुरळीत होते, आणि मिस्त्रीच्या दारी तर काहीच दोष दाखवीत नाही! मग मालकाचा संशय चालकावर जातो. ह्यानेच डिझेल चोरून भेसळ केली असे बोलले जाते, आणि गरीब मनुष्याची भाकर व अब्रू दोन्ही एका शब्दाने जातात.

तर आता यंत्राचे काय सांगणे आहे ते ऐकू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटास 800 फेरे घेत असेल, तर त्यात 1,600 वेळा इंधन पेटते. एक सिलिंडर थांबला तर त्यांतील 400 पेट चुकतात व सर्व गाडी थरथरते.

दोष कायमचा असल्यास मिस्त्री जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनात एकेका नोझलच्या पाइपाचे नट किंचित सैल करून पाहतो. ज्या सिलिंडराचा नट सैल केल्याने इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तोच आळशी होय. हे काम जाणत्यानेच करावे, कारण दाबाने उडणारे डिझेल कातडीत शिरते. नव्या कॉमन रेल इंजिनावर तर हा प्रयोग मुळीच करू नये.

परंतु येणाऱ्याजाणाऱ्या दोषाची तपासणी तो हजर असतानाच केली पाहिजे. ह्यास्तव चालकास विचारावे: इंजिन थंड असता की तापल्यावर? रिकामी असता की भरलेली? टाकीत डिझेल किती होते? धूर पांढरा की काळा? चढावर डिझेल कमी पडत असेल तर फिल्टर तुंबलेला असू शकेल. रबरी नळीस चीर असेल तर ती हवा ओढते. फिल्टरात पाणी साचले असेल तर तेही काढून पाहावे.

सर्वांत स्वस्त तपास तर पुष्कळदा कोणीच करीत नाही. डिझेल खाली जाते तसतशी टाकीत हवा यावी म्हणून झाकणास किंवा टाकीच्या वरच्या अंगास बारीक वाट ठेवलेली असते. ती धुळीने बुजली म्हणजे आत पोकळी होते व काही कोसांनी इंधन ओढले जात नाही. थांबल्यावर हवा हळूहळू शिरते, आणि दोष पळून जातो. म्हणून मिसिंग सुरू होताच गाडी सुरक्षित जागी लावून झाकण सैल करावे. हवा आत शिरल्याचा फुसफुस आवाज आला व गाडी पुन्हा नीट चालू लागली, तर चोर सापडला! झाकण स्वच्छ करावे अथवा बदलावे. नोझल व पंप खोलण्याचा खर्च उगाच करू नये.

बंधूंनो, एका वेळी एकच गोष्ट तपासावी, म्हणजे खरे कारण कळते. लोखंडाविषयी आपण इतका धीर धरतो, तर देवाच्या प्रतिरूपाने घडलेल्या मनुष्याविषयी किती अधिक धरावा? मंडळीतील एखादा भाऊ कधी येतो, कधी येत नाही. तो कोणत्या चढावर थांबतो, त्याच्यावर कोणत्या कर्जाचे ओझे आहे, हे त्याच्या घरी जाऊन विचारल्यावाचून आपण त्यास थंड म्हणू नये. खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा अशा घाईच्या शब्दासही लागू आहे. कित्येकदा उणीव एवढीच असते की, त्याला श्वास घ्यावयास कोणी वाट ठेविली नाही.

ह्या आठवड्यात ज्याच्याविषयी आपण ऐकल्याविना निकाल दिला असेल, त्याच्या दारी जाऊ या. प्रभू आपणांस ऐकणारे कान व सावकाश बोलणारी जीभ देवो. आमेन.