शोकाची मुळाक्षरे

मराठी भाषांतरात ‘विलापगीत’ वाचले तर एक गोष्ट दिसत नाही. तेवढ्यासाठी मी पिंप्राळ्यात बसून हिब्रू मुळाक्षरे गिरवतो आहे. इसवी सनापूर्वी 586च्या सुमारास यरुशलेम पडले, त्यावरचा हा आक्रोश. आणि पाचांपैकी चार गीते 22 अक्षरांच्या क्रमाने रचलेली! ऊर फुटलेला माणूस मुळाक्षरे सांभाळील काय? मला वाटते, सांभाळील. आमच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, तरी वैधव्याचे दुःख त्यांनी ओवीतच घातले. माप असले म्हणजे जात्यावरच्या दुसऱ्या बाईलाही सूर मिळवता येतो. नुसत्या हंबरड्यात कसा मिळवणार? ही गीते ज्या उपासाला वाचतात, त्याला कोकणातल्या बेने इस्रायलांनी ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून थेट स्वयंपाकघरात आणले. पाचव्या गीतात कडवी 22च, अक्षरक्रम मात्र सुटलेला. तिथे माझे बोट थांबते.