खापर लॅबवर फोडू नका

आधी टेबलावरचे हे सगळे प्रिंट पालथे घाला. फोटो बरे आहेत, दोन-तीन तर खरोखर चांगले आहेत, म्हणूनच माझा राग आवरत नाही. चांगल्या फोटोची अशी वाट लावायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

मघापासून ऐकते आहे. एक म्हणतो लॅबवाल्याने फोटो कापला, दुसरी म्हणते रंग मेले, तिसरा घरच्या प्रिंटरच्या नावाने बोटं मोडतोय. मग तुमचा ठरलेला वाद, घरी छापावं की लॅबमध्ये द्यावं. अरे, आधी फाइल नीट तयार करायला शिका. ते येत नसेल तर फोटो दोन्हीकडे बिघडणार.

तो लग्नाचा फोटो उचला. नवरदेवाच्या फेट्याचा तुरा कुठे गेला? तुमच्या मोबाइलचा फोटो ४:३ आणि ४ × ६ इंची कागद ३:२. म्हणजे ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो त्या कागदावर पूर्ण भरायचा तर ३३३ ओळी बाहेर जाणारच. त्या वरून जाव्यात की खालून, हे ठरवणं तुमचं काम होतं. तुम्ही ठरवलं नाहीत, म्हणून मशीनने मध्य धरला आणि दोन्हीकडून सारखं छाटलं. मशीनला तुरा कळत नाही. तुम्हाला कळतो ना? मग क्रॉप करून का दिला नाहीत?

आणि दिला कसा, तर व्हॉट्सॲपवर! साधा फोटो म्हणून पाठवला की लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. त्याचा १२ इंची प्रिंट मागितलात, म्हणजे इंचाला जेमतेम १३३ पिक्सेल. इंचाला ३०० हवेत, हे पहिल्या महिन्यात फळ्यावर लिहून दिलं होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला किंवा पेनड्राइव्ह घेऊन जायला काय जड जात होतं?

आता ही पणतीची फ्रेम. ओट्यावर एक पणती, तिच्या उजेडात अर्धा चेहरा, बाकी सगळा काळोख. सुंदर टिपली आहेस, पोरी. प्रिंटमध्ये मात्र काळोखाचा राखाडी चिखल झालाय आणि मागचा गॅस सिलिंडर दिसायला लागलाय. का झालं असं? लॅबच्या मशीनला वाटलं फोटो अंधारा आलाय, तिने तो उजळला. ‘करेक्शन करू नका’ हे शब्द काउंटरवर बोलायचे होते. तू बोललीस का? नाही. पाकीट घेतलंस, न उघडता पिशवीत टाकलंस आणि थेट इथे आणलंस. प्रिंट काउंटरवरच उघडून बघायचा असतो, आणि बिघडला असेल तर तिथेच परत करायचा असतो.

पैठणीचा रंग उडाला म्हणणाऱ्याने आपला कॅमेरा काढून बघावा. अॅडोबी आरजीबीवर ठेवलाय. बहुतेक लॅब फाइल एसआरजीबीच आहे असं धरून चालतात, म्हणून रंग फिके उतरले. एक्सपोर्ट करताना एवढं एक सेटिंग बघायचं होतं.

घरी छापणाऱ्यांनो, तुम्ही हसू नका. हा प्रिंट खिडकीपाशी तिरका धरा. शाई थेंबाथेंबाने वर साचलीय, बोट लावलं की पुसतेय. कागद उलटा घातला होता. दुसऱ्याने कागद सुलटा घातला, पण सेटिंगमध्ये ‘प्लेन पेपर’ तसंच ठेवलं. तिसऱ्याच्या आकाशात आडव्या पांढऱ्या रेघा आहेत. नोझल चेकचं एक पान काढलं असतंस तर तुटलेली रेघ तिथेच दिसली असती. प्रिंटर दोन-दोन महिने झाकून ठेवता, हेडमध्ये शाई वाळते, मग क्लीनिंगवर क्लीनिंग चालतं. त्यातली शाई फोटोवर येत नाही, आतल्या पॅडमध्ये जिरते. आठवड्याला एक रंगीत पान काढत जा. आणि स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून एडिट करणं बंद करा. प्रिंटला स्वतःचा उजेड नसतो, म्हणून तुमचे प्रिंट काळवंडून येतात.

शाई कोणती हे तुमच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही. डाय की पिगमेंट? २००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० या प्रिंटरवर, त्यांच्याच ग्लॉसी कागदावर काढलेले काही फोटो थोड्याच काळात नारिंगी पडू लागले. हवेतल्या ओझोनने त्या डाय शाईतला निळा खाल्ला होता. काचेमागे बंद असलेले फोटो बचावत होते. तेव्हापासून शाई पुष्कळ सुधारली, पण डाय शाईचा प्रिंट उघडाच भिंतीला चिकटवायचा नाही, हे आजही खरं आहे. तो आधी दिवसभर वाळू द्यायचा, मग काचेच्या फ्रेममध्ये घालायचा.

मी एवढी चिडते, कारण घरातलं माणूस जातं आणि हार घालायला फोटो शोधावा लागतो. तेव्हा हाती लागतो तो व्हॉट्सॲपवरचा, ओढूनताणून मोठा केलेला, डोळे पुसट झालेला. तो फोटो तुमच्यासारख्याच कोणीतरी काढलेला असतो, आणि मूळ फाइल कुठल्याशा जुन्या मोबाइलबरोबर गेलेली असते.

माझं मत विचाराल तर बारशाचे, लग्नाचे, सहलीचे शंभर-दोनशे फोटो लॅबमध्येच द्या. बऱ्याच लॅबमध्ये चांदीच्या क्षारांच्या कागदावर प्रकाशाने फोटो उमटवतात, मग डेव्हलपर, ब्लीच-फिक्स, धुणं, वाळवणं. असा प्रिंट भिंगातून बघितलात तरी शाईचे ठिपके सापडणार नाहीत, आणि घरच्या शाईच्या हिशेबात ते स्वस्तही पडतं. जो एकच फोटो तुम्हाला चार वेळा काढून बघायचाय, एकदा मॅटवर, एकदा जाड कॉटन पेपरवर, तो घरी छापा. कृष्णधवल तर विशेष. लॅबच्या रंगीत कागदावर त्याला हिरवट किंवा गुलाबी झाक येऊ शकते. पण त्यासाठी दोन-तीन करड्या छटांच्या पिगमेंट शाया असलेला प्रिंटर लागतो. चार रंगांच्या ऑफिस प्रिंटरवर हे काम होत नाही, मग कोणीही काहीही सांगो.

पुढच्या शुक्रवारी प्रत्येकाने एकाच फोटोचे दोन प्रिंट आणायचे, एक घरचा आणि एक लॅबचा, दोन्ही ८ × १२. प्रिंटर नसेल त्याने संस्थेचा वापरायचा. वहीत कागद, शाई, प्रोफाइल, क्रॉप आणि लॅबमध्ये काय सांगितलं ते लिहायचं. आधी ट्यूबलाइटखाली बघू, मग गच्चीवर नेऊन उन्हात. जो मोबाइल पुढे करून ‘मॅडम, स्क्रीनवर असा दिसतो’ म्हणेल, त्याने त्या दिवशी वर्गात बसायचं नाही.