मोठ्याने मानलेले आभार

सुगीच्या दिवसांत नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातले चर्च रविवारी सकाळी पाहावे. वेदीपुढे बाजरीची कणसे, लाल भोपळे, मेथीच्या जुड्या, गुळाची ढेप आणि कोपऱ्यात पाय बांधलेली एखादी गावरान कोंबडी. ज्याची शेती आहे तो शेतातले आणतो. ज्याला शेत नाही तो अंडी आणतो, नाहीतर मजुरीतले चार पैसे पाकिटात घालून आणतो. उपासना संपून आशीर्वाद झाला की अंगणात लिलाव लागतो. भोपळा दुपटीने जातो. कोंबडी कुणीतरी चढी बोली लावून घेतो, पैसे भरतो आणि ‘पुन्हा ठेवा’ म्हणत तीच कोंबडी परत लिलावाला देतो. पोरांचा गलका, बायकांची हसाहशी आणि या सगळ्यात मान खाली घालून हिशेबाची वही भरणारे पंच.

मराठी ख्रिस्ती माणूस याला उपकारस्तुती म्हणतो, आणि ती वर्षातून एकदाच होते असे नाही. बाळ घरी आले, ऑपरेशन पार पडले, मुलीला नोकरी लागली, अपघातातून कुणी वाचले, की घरी चार माणसे बोलावून उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात. गोव्यात हेच भाताच्या पहिल्या कणसांनी होते. सासष्टीतल्या राय गावी ५ ऑगस्टला कोणसाचे फेस्त असते. धर्मगुरूंनी आशीर्वाद दिलेली कणसे लोक घरी नेऊन देव्हाऱ्यापाशी ठेवतात. वांद्र्याच्या मोत मावलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घर, तान्हे बाळ विकत मिळते. कुणी दुखरा गुडघा बरा व्हावा म्हणून मेणाचा पाय वाहतो, कुणी बरा झाला म्हणून. रांगेत हिंदू, पारशी, मुसलमानही असतात.

या सगळ्या रीतींत एक गोष्ट समान आहे. इथे आभार मनातल्या मनात राहत नाहीत. ते चारचौघांत मानले जातात, कशाबद्दल ते सांगितले जाते आणि त्यासाठी हातातले काहीतरी द्यावे लागते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मानसशास्त्रानेही कृतज्ञतेत लक्ष घातले. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी संशोधकांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही लोकांना त्यांनी आपल्या वाट्याला आलेल्या चांगल्या गोष्टी नियमाने लिहायला सांगितले, काहींना कटकटी लिहायला. चांगले टिपणाऱ्यांना आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटले. तेव्हापासून कृतज्ञतेच्या वह्या दुकानांत आल्या, मोबाइलवर ॲप आली. नंतरच्या अभ्यासांनी हा परिणाम बेताचाच असल्याचे दाखवले, विशेषतः नैराश्य आणि चिंता यांच्या बाबतीत. यात नवल नाही. वही एकट्याची असते. तिच्यात लिहिलेले कुणी ऐकत नाही, त्यावर ‘आमेन’ म्हणायलाही कुणी नसते.

घरच्या प्रार्थनेचे तसे नाही. रात्री आठच्या सुमारास टीव्ही बंद होतो, चटई पसरली जाते. आजी ‘उपासनासंगीत’ मांडीवर घेते. गाणे तिला पाठ असते, तरी पुस्तक उघडे लागते. चाल अभंगाची, कारण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी चर्चच्या गळ्यातून इंग्रजी वळण काढून त्या जागी आपला अभंग आणि ओवी बसवली, त्याला आता शंभरहून अधिक वर्षे झाली. मग धाकट्या नातीने शास्त्रातला उतारा वाचायचा. ती ‘यरुशलेम’ला अडखळते, सगळे थांबतात, कुणी शब्द पुरवत नाही. मग आजीची प्रार्थना, आणि ती लांबते. तिच्यात नातवाची दहावी येते, धाकट्याचे रोजचे पुण्याला जाणे-येणे येते, शेजारच्या वहिनीची सोनोग्राफी, मामाचे डायलिसिस, विहिरीचे पाणी येते. आधी आभार, मग मागणे, हा क्रम ठरलेला.

या प्रार्थनेचे एक काम सहसा कुणी बोलून दाखवत नाही. जे एकमेकांच्या तोंडावर बोलवत नाही, ते देवाला सांगताना घराच्या कानावर पडते. बापाने कर्ज काढले आहे, हे मुलांना बऱ्याचदा त्याच्या प्रार्थनेतूनच कळते. दुपारी सुनेला टाकून बोललेली सासू रात्री ‘माझ्या जिभेला आवर घाल’ असे मागते, आणि सून ते डोळे मिटून ऐकत असते. माफी मागितली असे म्हणता येणार नाही, पण सकाळी दोघींचा चहा एकत्र होतो. वसईकडच्या आणि गोव्याच्या कॅथलिक घरांत याच वेळी जपमाळ चालते. गोव्यात ती संपल्यावर मुले थोरांपुढे हात जोडून बेसांव मागतात, आणि मघाशी ज्याला धपाटा मिळाला त्यालाही आशीर्वाद द्यावाच लागतो. घर बरे होण्याची सुरुवात अशा छोट्या सक्तीतून होते, आणि ही सक्ती घरांनी टिकवण्यासारखी आहे.

मोडलेले घर कसे सांधले जाते याचा मराठीतला सर्वांत प्रामाणिक पुरावा टिळकांच्याच घरात सापडतो. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या, पदरी लहानगा दत्तू. माहेरच्या माणसांच्या आधाराने त्या काही वर्षे नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे नगरकडे आल्या, त्याही आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल सांभाळून. टिळकांनी ते चालू दिले. संतापी माणूस, क्षणात भडकणारा, पण या एका बाबतीत त्यांनी घाई केली नाही. जातीचा विटाळ हा माणसाने केलेला आहे, देवाने नव्हे, हे लक्ष्मीबाईंना पटले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा सारा प्रवास आहे, आणि त्यात उपदेशाचा सूर शोधूनही सापडत नाही. हातातला पैसा देऊन टाकणारा नवरा, घरात येऊन पडलेली परकी मुले, रिकामे डबे आणि या सगळ्यात ताट वाढणारी बाई. श्रद्धा या घरात मतांतराने आली खरी, पण रुजली ती स्वयंपाकघरात. टिळक १९१९ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ काव्य अपुरे होते. लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि अध्यायांमागून अध्याय लिहिले.

टिळकांच्याच चरित्रात कृतज्ञतेबद्दलचा एक अवघड प्रश्नही दडलेला आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ पासून काम करत होते. शाळा, दवाखाने, दुष्काळातली मदत यांतून महार-मांग समाजातल्या कित्येक कुटुंबांना पहिल्यांदा पाटी मिळाली, पहिल्यांदा माणूस म्हणून वागणूक मिळाली. ते ऋण खरे आहे आणि ही घरे ते विसरत नाहीत. पण देणाऱ्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या वाकून राहणे म्हणजे कृतज्ञता नव्हे. टिळक मिशनचे मनापासून ऋणी होते, तरी १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. आभार देवाचे मानायचे म्हटले की माणसापुढची लाचारी संपते, हे त्यांनी करून दाखवले. आजच्या दलित ख्रिस्ती कुटुंबालाही हे कळते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्या शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना नाहीत. रविवारी उपकारस्तुती करणारा माणूस सोमवारी या प्रश्नावर मोर्चात चालतो. त्यात विसंगती काहीच नाही.

दुःखाच्या घरात तर खरी कृतज्ञता आणि सक्तीचे आभार यांतला भेद फार जपावा लागतो. तरणाताठा मुलगा गेलेल्या आईला ‘सर्व गोष्टींत उपकार मान’ म्हणणारे लोक भेटतात. ते चुकतात. ज्या शास्त्राचा ते हवाला देतात, त्यातल्या दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे सरळ तक्रारीची आहेत: तू कुठे आहेस, किती दिवस तोंड लपवणार आहेस. बहुतेक तक्रारी शेवटी स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वळतही नाही, ते अंधारातच संपते. ज्यांनी हा ग्रंथ जुळवला त्यांनी ते गाळले नाही. म्हणून प्रार्थनेच्या चटईवर रडणाऱ्याला रडू द्यावे, आणि त्या रात्रीचे आभार इतरांनी मानावेत.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हे सारे कसाला लागले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, बहीण गेली. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पती बिपिन बिहारी मेधावी गेले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा भूक म्हणजे काय हे जाणणारी ही बाई तिकडे गेली आणि उपाशी मुली घेऊन आली. केडगावचा रमाबाईंचा आश्रम, मुक्तिसदन, या मुलींसाठी वाढला. पुढे १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती हे काम सोपवायचे होते, तीही आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत उतरवत होत्या, आणि मुक्तिसदनातल्या बायका तिथल्याच छापखान्यात खिळे जुळवत होत्या. ते काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्यांची जखम भरून आली होती, असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्या जखमेनिशी त्या इतरांच्या उपयोगी पडत राहिल्या, एवढे मात्र दिसते.

बरे होणे म्हणजे नेमके काय, याची एक गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. दहा कुष्ठरोगी बरे होतात, पण आभार मानायला एकच मागे फिरतो, आणि तोही परका, शोमरोनी. ही गोष्ट संडे स्कूलमध्ये शिष्टाचाराचा धडा म्हणून शिकवली जाते, आणि तिथे तिचा अर्थ आखडतो. त्या काळी कुष्ठरोग्याला गावाबाहेर राहावे लागे. दहाही जणांची कातडी शुद्ध झाली. मागे फिरणारा तो एक पुन्हा नात्यात आला.

नगर जिल्ह्यातल्या जामखेडला असे पुन्हा नात्यात येणे आजच्या काळात पाहता येते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले दांपत्य. १९६० मध्ये लग्न करतानाच त्यांनी खेड्यातल्या गरिबांसाठी राबायचे ठरवले होते. आधी त्याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काम केले, तिथे एक गोष्ट खटकली: तेच रोगी त्याच रोगांनी परत येतात. १९७० मध्ये त्यांनी जामखेडला नव्याने सुरुवात केली. तिथे बालमृत्यूचे प्रमाण तेव्हा हजारी १७० च्या वर होते. त्यांनी गावोगावच्या बायकांना, त्यांतल्या कितीतरी निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. कुष्ठरोग्यांसाठी वेगळी वसाहत न काढता त्यांना इतरांबरोबरच तपासले, गावातच ठेवले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये गेले. काम मुलांनी पुढे चालवले आहे. या घराची श्रद्धा पाण्याच्या हातपंपात, बाळंतपणाच्या स्वच्छ ब्लेडमध्ये, एकत्र चहा पिणाऱ्या दोन जातींच्या बायकांमध्ये दिसली.

म्हणूनच आरोग्यसभांच्या मंडपात ‘गोळ्या सोडा, विश्वास ठेवा’ अशी आरोळी ऐकू येते तेव्हा राग येतो. मराठी ख्रिस्ती परंपरा ही नव्हे. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालयाचा पाया घातला, तिथे प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छपराखाली होत. या समाजातल्या किती घरांत एखादी मावशी, एखादी आत्या नर्स असते! ती रात्रपाळीहून येते, इन्सुलिनच्या वेळा विचारते आणि मग प्रार्थनेला बसते. शुगर वाढलेल्या आजोबांना ‘देव बघेल’ म्हणत साखरेचा चहा देणारा मुलगा तिच्या तावडीतून सुटत नाही.

करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, चर्चची दारे बंद झाली. १२ एप्रिलचा ईस्टर घरातच झाला. टेबलावर पांढरा रुमाल, मेणबत्ती, मोबाइलच्या पडद्यावर पाळक किंवा फादर. एरवी मागच्या बाकावर बसणाऱ्या बापांवर तेव्हा मोठ्याने प्रार्थना करण्याची पाळी आली, आणि काहींना पहिल्यांदा शब्द शोधावे लागले. त्या वर्षात कित्येक घरांनी आपल्या माणसाला पोचवण्याच्या वेळीही जवळ असण्याची मुभा गमावली.

आता प्रश्न निराळा आहे. मुले पुण्यात, दुबईत, कॅनडात. एखादा मुलगा विश्वास उरला नाही म्हणतो, एखादी मुलगी वेगळ्या धर्मात लग्न करते. सुट्टीत आल्यावर ती प्रार्थनेला बसतात किंवा बसत नाहीत. अशा वेळी काही आईबाप प्रार्थनेतूनच टोमणे मारतात, देवाला उद्देशून मुलाला ऐकवतात. त्याने मुले चटईपासून आणखी दूर जातात. ज्या घरांत हे निभते तिथे त्या मुलाचे नाव रोज निघते, पण त्याच्या व्हिसासाठी, कंबरदुखीसाठी, त्याच्या बायकोच्या बाळंतपणासाठी. जावई हिंदू असला तर त्याच्याही आईचे गुडघे त्या यादीत येतात, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांची चौकशी होते.