घरांतील विद्येची वांटणी

बापाच्या मागें शेताची वांटणी होते, तेव्हां तलाठी येतो, साक्षीदार बसतात, आणि हातभर बांधासाठीं भाऊ भावाशीं बोलेनासा होतो. परंतु त्याच घरांत वीस वर्षें अगोदर दुसरी एक वांटणी होऊन गेलेली असते. तिचा कागद कोणी करीत नाहीं. ती विद्येची वांटणी. कोणत्या लेकराच्या हातीं पाटी आली व कोणाच्या हातीं पाळण्याची दोरी. कोणाला शिकावयास पुण्यास ठेविलें व कोणाला सातवींतून काढून घेतलें. हें सर्व आईबाप न बोलतांच ठरवितात. ही वांटणी न्यायाची असते काय, हा प्रश्न आम्ही आज मंडळ्यांपुढें, व विशेषेंकरून आमच्या उपदेशक बंधूंपुढें ठेवितों.

‘पहिली बेटी, धनाची पेटी’ अशी आपल्या लोकांत म्हण आहे. ती खरी आहे, परंतु निराळ्या अर्थानें. आई मजुरीस गेली म्हणजे धाकट्यांस सांभाळते ती थोरली मुलगी. ऊसतोडीसाठीं बिऱ्हाड निघालें म्हणजे कोपीवरचा स्वयंपाक व लहान भावंड तिच्याच माथीं. तिनें शाळा सोडली म्हणून धाकटा शाळेंत टिकला. म्हणजे ती धनाची पेटी खरीच. मात्र ती उघडून खर्च होतो तो इतरांवर. थोरल्या मुलाचेंही कांहीं अंशीं असेंच आहे. बापाचा हात थकला कीं तो शिक्षण सोडून कामाला लागतो. परंतु त्याला निदान घरचा कर्ता म्हणून मान मिळतो. मुलीला सासरीं पाठवितात, आणि हिशोब मिटला असें समजतात.

पंडिता रमाबाई यांचें नांव पुण्यांत व केडगांवांत कोणास ठाऊक नाहीं? १८५८ सालीं जन्मलेल्या रमाबाई या अनंतशास्त्री डोंगरे यांचें शेंडेफळ. शास्त्रीबुवांनीं लोकापवाद सोसून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें होतें. आणि पुढें ते वृद्ध झाल्यामुळें रमाबाईंस आईनेंच पढविलें. परंतु थोरली बहीण कृष्णाबाई हिचें लग्न रूढीप्रमाणें बाळपणींच लावून दिलेलें होतें, व तें सुखाचें झालें नाहीं. तें दुःख पाहून बापानें धाकटीच्या लग्नाची घाई केली नाहीं. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या हालांत आईबाप गेले, आणि त्यांच्यामागून थोडक्याच काळांत कृष्णाबाईही गेली. रमाबाई १८८२ सालीं पुण्यास आल्या; त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर कमिशनापुढें स्त्रीशिक्षणाविषयीं साक्ष दिली. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ सालीं मुंबईंत काढलेलें शारदा सदन त्यांनीं पुढल्याच वर्षीं पुण्यास आणिलें.

दोघी एकाच घरच्या लेकी. एकीचें नांव देशोदेशीं गेलें. दुसरीचें चरित्रांतल्या एकदोन ओळींत राहिलें. शास्त्रीबुवांस आम्ही दोष देत नाहीं. त्या काळीं त्यांच्याइतकें धैर्य थोड्यांच्या अंगीं होतें. परंतु आईबाप पहिल्या लेकरावर शिकतात, आणि शिकलेलें शहाणपण शेवटच्याच्या कामीं येतें, ही गोष्ट घरोघरची आहे. म्हणून ज्याच्यावर आपण शिकलों त्याचे आपण ऋणी आहों, हें विसरूं नये.

कोणी म्हणेल, भावंडांसाठीं झिजणें ख्रिस्ती माणसास शोभतें. त्याग हा तर प्रभूचाच मार्ग. खरें आहे. परंतु प्रभूचा त्याग त्याच्या स्वतःच्या इच्छेचा होता. आठ वर्षांच्या मुलीची इच्छा कोणी विचारली? जें आपलें आपण देतों तें अर्पण. जें दुसऱ्याचें काढून देतों तें अर्पण नव्हे, तें कर्ज होय.

दुसरा म्हणेल, घरीं पैसा एकाच्याच शिक्षणापुरता आहे. मुलगी परक्याचें धन, तेव्हां मुलालाच शिकविलें पाहिजे. गरिबी खरी आहे, आणि गरिबाला निवड करावी लागते हेंही खरें. परंतु ती निवड लेकराची गोडी व बुद्धि पाहून करावी; जन्माचा क्रम व मुलगा-मुलगी हा भेद यांना पंच नेमूं नये. १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणें, मृत्युपत्र न करितां बाप वारला तर ख्रिस्ती मुलाला व मुलीला मिळकतींत सारखाच वांटा आहे. परंतु बापानें हयातींत एखाद्या लेकराच्या उत्कर्षासाठीं जें दिलें तें त्या वांटणींत धरूं नये, असें तोच कायदा सांगतो. कायदा जें मोजीत नाहीं तें देव मोजतो. सलाफहादाच्या कन्यांस वतन मिळालें, तें त्यांना भाऊ नव्हते म्हणून. ईयोबानें मात्र आपल्या कन्यांस त्यांच्या भावांबरोबरीनें वतन दिलें. आम्हांस ईयोबाचा कित्ता गिरवावयाचा आहे.

२००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. सरकार शाळेचें दार उघडतें. पाळण्याची दोरी कांहीं वेळ मुलाच्याही हातीं देणें हें घरच्याच माणसांचें काम आहे. जिची शाळा सुटली तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीस बाहेरून बसतां येतें; तो फॉर्म भरण्यास तिला साहाय्य करावें. आणि जो धाकटा भाऊ शिकून कमावता झाला, त्यानें थोरल्या बहिणीच्या लेकरांच्या शिक्षणास हात द्यावा. हा उपकार नव्हे, ही फेड आहे.

इशायानें आपले सात पुत्र शमुवेलापुढें आणिले. आठवा मेंढरांमागें होता, व त्याला बोलवावें असें बापाला सुचलेंही नाहीं. शमुवेलानें, घरीं आणखी कोणी उरलें आहे काय, याची चौकशी केली म्हणून दावीद सांपडला. उपदेशक बंधूंनो, घरभेटीस जाल तेव्हां शाळेंत जाणाऱ्या मुलांचीं नांवें वहींत लिहून उठूं नका. गुरांमागें कोण आहे, चुलीपाशीं कोण आहे, हें विचारा. आणि तें लेकरूं समोर येऊन उभें राहीपर्यंत बसून राहा.