आवरण आणि अक्षर

अद्वैत वेदान्तात 'आवरण' म्हणजे वस्तूचे खरे रूप झाकणारी अविद्येची शक्ती. परंतु रत्नागिरीतील एखाद्या घराच्या कोरीव सागवानी नामफलकावर चपडीचा, म्हणजे पळस-बोरीवरील लाखकिड्यांच्या स्रावापासून केलेल्या आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, पातळ हात दिला जातो, तेव्हा लाकडाच्या रेषा झाकल्या न जाता उजळतात. त्यावर गडद, पारदर्शक रंगाचा थर चढवून फडक्याने पुसला की तो उंचवट्यांवरून निघतो, खाचांत तेवढा उरतो आणि अक्षर ठळक होते. म्हणून प्रत्येक थराला अविद्या म्हणणे घाईचे ठरते. मात्र श्रावणातल्या दमट हवेत हात दिला तर हीच चपडी पांढुरकी पडून अक्षर धूसर करते. आणि तिच्यासाठी असंख्य कीटकांचा जीव जातो, हा अहिंसेचा प्रश्न तर त्याहून अवघड आहे.