तीन विशेषणं

आमच्या कसारा भागात कुणी शिक्षक वारला की शोकसभेत वाचायचा मजकूर माझ्याकडे येतो. अक्षर बरं आहे आणि वेळेला लोकांच्या डोळ्यांत पाणी आणण्याइतपत भाषाही जमते. गेल्या आठवड्यात आमच्या एक निवृत्त बाई गेल्या. साचा तयारच होता : आदर्श शिक्षिका, कर्तव्यदक्ष पत्नी, वात्सल्यमूर्ती माता. नाव घालायचं तेवढं बाकी होतं.

तरी जुनी वही काढून बसलो. वारलेल्या सरांसाठी मी काय काय लिहिलंय ते वाचलं. शिस्तप्रिय, क्रीडाप्रेमी, कुशल संघटक, गणितावर हुकूमत. ‘कर्तव्यदक्ष पती’ मात्र एकालाही म्हटलेलं नाही. बायकामुलं तर सगळ्यांनाच होती. म्हणजे घर हा सरांच्या परीक्षेतला विषयच नव्हता. बाईंना तो सक्तीचा, आणि पेपर तपासायला मी बसलेलो. मला कुणी नेमलं होतं?

शिक्षक दिनाच्या भाषणात मी ताराबाई मोडकांवर हमखास बोलतो. कोसबाड आज पालघरात असलं तरी २०१४ पर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं, त्यामुळे अभिमान आपसूक येतो. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबरचं काम, १९४५ ला बोर्डीतलं ग्राम बालशिक्षा केंद्र, १९५७ ला कोसबाडची टेकडी, १९६२ ला पद्मभूषण, हे सगळं मी ठणकावून सांगतो. अमरावतीच्या वकिलांशी झालेलं त्यांचं लग्न १९२१ मध्ये मोडलं आणि पदरात एक मुलगी होती, इथे आलो की आवाज खाली जातो. ‘वैयक्तिक आयुष्यातले आघात सोसून’ असं म्हणून मी पुढे सरकतो. तो आघात होता की सुटका, हे मला कोणी सांगितलं? मोडलेलं लग्न माझ्या साच्यात बसत नाही, एवढंच खरं.

अनुताई वाघांच्या बाबतीत युक्ती वेगळी. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. पुढे शिकल्या, शिक्षिका झाल्या, १९४५ पासून ताराबाईंबरोबर राहिल्या आणि ताराबाई १९७३ मध्ये गेल्यावरही काम चालू ठेवलं. पत्नीचा रकाना रिकामा राहतो म्हणून मी तो ‘हजारो लेकरांची आई’ लिहून भरून काढतो. बाई नुसती उत्तम शिक्षिका होती, इतकं लिहून माझं समाधान का होत नाही?

यात गंमत अशी, की या दोघींनी केलेलं काम माझ्या साच्याच्या अगदी उलट आहे. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पानं आली. मला सर्वांत मोठी वाटते ती विकासवाडी : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. का, तर धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून मोठी बहीण शाळेला मुकत होती. ताराबाईंनी त्या पोरीच्या सोशिकतेचे गोडवे गायले नाहीत. तिच्या कडेवरचं मूल उतरवून घेतलं, त्याला सांभाळणारं माणूस नेमलं आणि पोरीच्या हातात पाटी दिली. मी असतो तर तिच्यावर ‘इवलीशी माउली’ असा लेख लिहिला असता आणि तो छापूनही आला असता.

स्तुतीचा हा कावा माझ्या एकट्याचा नाही. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो, पण ती चालवणाऱ्या ताईला सरकार अजून वेतन देत नाही, मानधन देतं. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायलासुद्धा २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. माउली म्हटलं की पगाराचं बोलणं तिला शोभत नाही, असं आपण गृहीत धरतो. मीही धरत आलोय.

आता या बाईंविषयी मला नक्की काय माहीत आहे? शाळा पाड्यावरची, दोन शिक्षकी. सकाळची लोकल, मग जीप, जीप नसेल तर पायी. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर निघाली की बाई घरोघर जाऊन आईबापांशी वाद घालायच्या, पोरांना आजीकडे ठेवा म्हणायच्या. भावंडाला काखेत घेऊन आलेल्या मुलीला त्या वर्गात बसू द्यायच्या. एका साहेबांनी त्यावर शेरा मारला होता, तरी बसू द्यायच्या. इतकं मी शपथेवर सांगू शकतो. बाकीची दोन विशेषणं कशाच्या जोरावर? त्यांच्या घरी मी चहा प्यायलोय, तेवढ्याच.

म्हणून काल त्यांच्या मुलीला फोन केला. घरातल्या बाईंबद्दल काय लिहू, असं सरळच विचारलं. ती आधी गप्प राहिली, मग हसली. म्हणाली, “सर, आईला स्वयंपाकाचा भयंकर कंटाळा होता. आमचे डबे बाबाच भरायचे. ती संध्याकाळी आली की अर्धा तास तिच्याशी बोलायचं नाही असा घरात नियम होता, पेपर वाचायची. तेच लिहा. लोक हसले तरी चालेल.”

लिहिलंय. शोकसभा रविवारी आहे आणि पुढच्या रांगेत बाईंच्या सासरची माणसं बसणार आहेत. मजकूर दोनदा मोठ्याने वाचून पाहिला. दोन्ही वेळा त्या अर्ध्या तासाच्या वाक्याशी माझा आवाज आपोआप खाली गेला.